इराच्या पिशवीतली लिपस्टिक

दुकानाच्या दारात गार्डने माझ्या नातीची कापडी पिशवी तपासली आणि तळातून एक लिपस्टिक निघाली. इरा म्हणाली, ही माझी नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे पाहिलं.

यापुढचं मी मुलाला सांगितलेलं नाही, सुनेला नाही, देवापुढे बसूनही नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही मला रोज जेवायला वाढत नाही, म्हणून असेल.

अमेरिकेत मुलगा राहतो त्या नोव्हाय गावातलं मोठं दुकान. मुलगा मागे बिल देत होता, आम्ही दोघी पुढे आलो होतो. इरा तेव्हा सतरा वर्षांची. पोलीस आले. मलाही काही विचारलं. मी मान हलवली — नो इंग्लिश. चौथी शिकलेली, साडीतली म्हातारी. तिला कोण पुन्हा विचारणार? पण ‘माझी आहे’ एवढं इंग्रजी मला येत होतं. देवळात कुणी माझ्या चपला घालायला लागलं की मी ते बोलत असे.

लिपस्टिक मीच टाकली होती. चुकून नाही. आजूबाजूला बघून टाकली.

का? विधवा बाई, सत्तरी उलटलेली — ती वस्तू मुलासमोर काउंटरवर कशी ठेवायची? इराला सांगितलं असतं तर तिने हसत घेऊन दिली असती. ती हसेल, म्हणूनच नाही सांगितलं. एवढ्यासाठी चोरी केली, आणि ती पोरीच्या पिशवीत ठेवली.

कोर्टाने तिला काही शनिवार लायब्ररीत काम करायला लावलं आणि केस मिटली. घरात कुणी तो विषय काढत नसे. मला वाटलं, संपलं.

मग कॉलेज झाल्यावर इरा लॉ स्कूलचे अर्ज भरायला बसली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी मुलगा. मी मेथी निवडत होते.

“मार्क आहेत, प्रवेशपरीक्षेचा स्कोअर आहे, प्रोफेसरांची पत्रं आहेत,” मुलगा म्हणाला. “ते दुकानाचं लिहूच नकोस.”

“बाबा, ते विचारतात. केस मिटली असली तरी सांगावं लागतं. लपवलं आणि नंतर कळलं तर पुढे वकिलीचं लायसन्सच मिळणार नाही.”

“मग लिही, मी केलं नाही.”

“दॅट साउंड्स लाइक अ‍ॅन एक्सक्यूज. चूक मान्य केली का, त्यातून काय शिकले, हे बघतात ते.”

न केलेल्या चोरीतून ती काय शिकली, हे तिला लिहायचं होतं. आणि खाली सही करायची होती, की हे सगळं खरं आहे.

तिने मान वर केली. “आजी, त्या दिवशीचं तुला काही आठवतं?”

आवाज साधा होता. तिला माहीत होतं का? मला वाटतं, दारातच कळलं होतं. ती मला खरं सांगायला जागा करून देत होती — दुसऱ्यांदा.

मी म्हटलं, “मला मेलीला कुठलं आठवतंय.”

“ओके, आजी,” ती म्हणाली, आणि टाइप करायला लागली.

पहिल्या वेळी मी घाबरले होते. या वेळी पोलीस नव्हते, गार्ड नव्हता. समोर मेथी होती.

तिला हवं होतं त्या कॉलेजने नाही म्हटलं. का, ते सांगत नाहीत. दुसरी मुलं जास्त हुशार असतील, असं मुलगा म्हणतो. तसं धरून चालणं मला सोयीचं आहे, म्हणून मी धरत नाही. दुसऱ्या एका कॉलेजने घेतलं. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. वकिलीचं लायसन्स देताना पुन्हा हेच विचारणार आहेत, आणि ती पुन्हा तेच लिहिणार आहे.

ती लिपस्टिक मी एकदाही लावली नाही. ती दुकानातच राहिली. चोरीच्या कागदांवर नाव इराचं आहे.