टी.सी.वर शिक्का बसेना

शिक्का मारला आणि तो पुसला गेला. मी पुन्हा मारला. निळी शाई कागदावर थांबेचना. बोट फिरवलं की सगळी शाई बोटाला आणि टी.सी. पुन्हा कोरी, चकचकीत.

"मॅडम, जरा दाबून मारा की," समोरचे गृहस्थ म्हणाले.

"दाबूनच मारला. हे लॅमिनेट कुणी केलं?"

"मीच," गृहस्थ छाती पुढे काढून म्हणाले. "सगळ्यात जाड फिल्म लावली. पाण्यात बुडवा, काय बी होत न्हाई."

मी नांदेडच्या एका फार्मसी कॉलेजात ऑफिस सुपरिंटेंडेंट आहे. प्रवेशाच्या दिवसांत माझ्या टेबलापुढे निम्मा जिल्हा येऊन जातो, आणि प्रत्येकाच्या फाइलमधून काही ना काही नवीन निघतं. पण इतकी मजबूत टी.सी. मी त्याआधी पाहिली नव्हती.

गृहस्थांचं नाव बालाजी. हिमायतनगरला बस स्टँडजवळ त्यांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान. बरोबर मुलगी, प्रतीक्षा. बारावी सायन्स, सीईटीला चांगले मार्क, आणि बी. फार्मसीला आमच्याच कॉलेजात नंबर लागलेला. नांदेडला तिची आत्या राहते. आत्याकडे राहणार म्हणून घरच्यांनी होकार दिला होता. लातूरच्या एका कॉलेजातही तिला मिळालं असतं, पण तिथं ओळखीचं कुणी नाही म्हणून ते नाव पसंतीच्या यादीत टाकूच दिलं नव्हतं. थोडक्यात, हीच एक सीट. ती गेली की गावातच बी.एस्सी. करायचं आणि स्थळं येतात का त्याची वाट पाहायची.

आता टी.सी.चं महत्त्व सांगते. टी.सी. म्हणजे आधीचं कॉलेज सोडल्याचा दाखला. मार्कमेमो, म्हणजे गुणपत्रक, खरा की खोटा हे आम्ही ऑनलाइन तपासतो आणि परत देतो. तो लॅमिनेट केलेला असला तरी माझं काही अडत नाही. टी.सी. मात्र ओरिजिनल घेतो, तिच्यावर आमच्या कॉलेजचा शिक्का आणि सही करतो आणि ठेवून घेतो. कारण साधं आहे. एका टी.सी.वर दोन ठिकाणी प्रवेश घेता येऊ नये. शिक्का नाही तर प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही तर पोर्टलवर सीट कन्फर्म करता येत नाही. त्या दिवशी पोर्टल पाचला बंद होणार होतं. राउंड शेवटचा होता.

"माहितीपुस्तिकेत लिहिलंय, लॅमिनेट केलेली टी.सी. चालणार नाही म्हणून. वाचली नाही?"

"वाचली ना," बालाजी म्हणाले. "पोरांना वाटायला शंभर झेरॉक्स मीच मारल्या की तिच्या."

रांगेत हशा पिकला. मीही हसले, पण हसून शिक्का बसणार नव्हता. रांगेतल्या हिमायतनगर आणि हदगावकडच्या पोरांनी आपापल्या फायली घाईघाईनं उघडून पाहिल्या. सगळ्यांचे मार्कमेमो बालाजींनीच लॅमिनेट केलेले, पण टी.सी. मात्र सुट्या, मऊ, घडी पडलेल्या. एवढी जाड फिल्म त्यांनी फक्त स्वतःच्या मुलीसाठी वापरली होती, आणि तीसुद्धा टी.सी. हातात पडली त्याच दिवशी.

मी टी.सी. घेऊन प्राचार्यांकडे गेले.

"सर, शिक्का बसत नाहीये."

"जोरात मारा."

"जोराचा प्रश्न नाही सर. लॅमिनेटेड आहे."

सरांना खरं वाटेना. त्यांनी स्वतः एकदा मारून पाहिला, मग हातरुमालानं बोटं पुसत बसले. "पाचच्या आत शिक्का बसेल अशी टी.सी. आणायला सांगा," ते म्हणाले. "बाकीच्या दाखल्यांना मुदत देता येते, टी.सी.ला नाही. नाहीतर सीट रिकामी दाखवावी लागेल."

बाहेर येऊन मी विचारलं, "हे प्लास्टिक काढता येतं का?"

बालाजींना माझा प्रश्नच अपमानाचा वाटला. "निघत न्हाई मॅडम. त्याचीच तर गॅरंटी देतो मी."

तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांच्याच फाइलमधली एक लॅमिनेट केलेली झेरॉक्स आम्ही सोलून पाहिली. प्लास्टिकबरोबर अक्षरंही निघून आली. तेव्हा कुठे बालाजींचा चेहरा उतरला. ते बाकावर बसले आणि हळू आवाजात सांगू लागले.

"माझा बी नंबर लागला होता मॅडम, आयटीआयला. टी.सी. पेटीत ठेवली होती जपून. जायच्या दिवशी पेटी उघडली तर वाळवी लागलेली. दुसरी काढेपर्यंत प्रवेश बंद झाले. तवाच ठरवलं, आपल्या लेकराचा कागद असा जाऊ द्यायचा न्हाई."

मला फार वाईट वाटलं. माझा राग तर गेलाच. या माणसानं दुकान टाकलं होतं तेच मुळी त्या वाळवीमुळे, आणि आता त्याच दुकानातल्या मशीननं पोरीची वाट अडवली होती.

मी प्रतीक्षाच्या हिमायतनगरच्या कॉलेजात फोन लावला. तिथले हेडक्लार्क जुने आणि पक्के. मी सगळी हकिगत सांगून डुप्लिकेट टी.सी. मागितली.

"डुप्लिकेट दोनच कारणानं भेटते मॅडम," ते म्हणाले. "एक तर हरवली पाहिजे, न्हाईतर खराब झाली पाहिजे. हरवली असंल तर पोलिसांचा दाखला आन् शपथपत्र आणा."

फोन स्पीकरवर होता. बालाजी माझ्याकडे झुकून कुजबुजले, "हरवली म्हणून टाकू का? आमच्या शेजारी नोटरी बसतो."

मी काही बोलायच्या आत प्रतीक्षा म्हणाली, "हरवली कुठं पप्पा? तुम्ही तर जास्तच जपली. माझी सुरुवात खोट्या शपथपत्रानं न्हाई करायची मला."

मघापासून गप्प असलेली ही पोरगी मला त्या क्षणी फार आवडली. बालाजींनी मान खाली घातली आणि "हाव, बरोबर हाय" एवढंच म्हणाले.

"मग खराब झाली असं धरा," मी फोनवर म्हणाले.

"खराब कशी? तुम्हीच तर म्हणता, चकचकीत हाय."

"साहेब, टी.सी. कशासाठी असते? पुढच्या कॉलेजनं शिक्का मारून घेण्यासाठी. हिच्यावर शिक्का बसत नाही. म्हणजे फोटो म्हणून भिंतीवर लावायला ती चांगली आहे, पण टी.सी. म्हणून खराबच झाली की नाही?"

पलीकडून ते म्हणाले, "बोलता बी लई तुम्ही. द्या पाठवून. अर्ज लिहून आणा, जुनी जमा करा. आमचे प्राचार्य दुपारपर्यंतच हायेत."

बालाजी मोटरसायकलवर बसून भोकरच्या रस्त्यानं निघाले. प्रतीक्षा माझ्या टेबलाशेजारी बसून राहिली. मी डबा उघडला तेव्हा तिला अर्धी भाकरी बळेच दिली आणि विचारलं, "फार्मसीच का ग?"

"पप्पांच्या दुकानात मेडिकलवाले त्यांची लायसन लॅमिनेट करायला आणतात," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्यात एक आपलं बी असावं. नाव माझं अन् लॅमिनेशन पप्पांचं."

दुपारी हेडक्लार्कचा फोन आला. आवाजात वैताग ठासून भरलेला.

"मॅडम, नवी टी.सी. तयार हाय. पण जुनी रद्द केल्याशिवाय देता येत न्हाई. आन् जुनीवर 'रद्द'चा शिक्का बी बसंना!"

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. "कात्रीनं कोपरा कापा आणि तशीच फाइलला लावा," मी सांगितलं.

"तेच म्हणून राहिलो मी. पण हा माणूस हात लावू देईना. पुढं माझ्या पोराच्या मार्कमेमोला ह्याचंच काम पडंल, म्हणून मी बी जास्त बोललो न्हाई."

मी फोन स्पीकरवर टाकून प्रतीक्षाकडे दिला. तिनं शांतपणे सांगितलं, "पप्पा, कापू द्या. ती टी.सी. आता माझी न्हाई. माझी दुसरी हाय."

थोड्या वेळानं बालाजींचा आवाज आला, "मीच कापतो." मग कात्रीची करकर ऐकू आली. शेवटी हेडक्लार्कच पुन्हा बोलले, "कात्री बी चालंना मॅडम! पण कापली एकदाची."

चार वाजून गेले तरी बालाजींचा पत्ता नव्हता. रांग संपली. प्राचार्य दोनदा बाहेर डोकावून गेले. प्रतीक्षा दाराकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते. पोर्टलवर तिचं नाव उघडून मी नुसती बसले होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी सीटा गेलेल्या पाहिल्यात, पण ही जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

बालाजी आले ते धुळीनं माखून. भोकरजवळ पंक्चर झालं होतं म्हणे. शर्टाच्या आत, बनियनला लागून, त्यांनी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये टी.सी. ठेवली होती. पुठ्ठे उघडून त्यांनी ती माझ्यापुढे अशी ठेवली, की मलाच तिला हात लावायची भीती वाटली. साधा पिवळट कागद, वर लाल शाईत 'डुप्लिकेट' लिहिलेलं.

मी शिक्का मारला. शाई कागदात मुरली. सरांनी सही केली, मी कन्फर्मचं बटण दाबलं आणि पोर्टलनं पावती काढून दिली. बालाजी शिक्क्यावर फुंकर मारत राहिले. "वाळला हो," मी म्हटलं, तरी थांबेनात. प्रतीक्षा हसता हसता रडायला लागली आणि मग तिच्या वडिलांनीही डोळे पुसले.

त्या वर्षापासून प्रवेशाच्या माहिती सभेत मी पात्रता, गुण, आरक्षण, सगळं सांगायच्या आधी एकच गोष्ट सांगते. टी.सी.ला प्लास्टिक लावू नका. ज्या कागदावर अजून पुढचं कुणी सही करणार आहे, तो उघडाच ठेवावा लागतो. हिमायतनगरच्या दुकानातही आता मोठी पाटी लागली आहे, 'टी.सी. लॅमिनेट करून मिळणार नाही. आग्रह करू नये.' पाटी अर्थातच लॅमिनेट केलेली आहे.

कॉलेज सुरू झाल्यावर प्रतीक्षा आयकार्डवर शिक्का घ्यायला माझ्या टेबलाशी आली. मी शिक्का मारला, सही केली आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

"मॅडम, आता हे पप्पांकडं देऊ का?"

"दे की," मी म्हटलं. "शिक्का वाळू दे तेवढा."