साखरपुड्यात पाडलेला उजेड

हातातला चहा आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या शेजाऱ्याच्या नाकातून चहा आला होता. मला मात्र अजूनही रडूच येतं!

आमच्या गाडीचा डावा हेडलाईट गेला. एवढंच! सुनीता, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "अहो, कोपऱ्यावरच्या गॅरेजला दाखवा. संध्याकाळी देवगाव रंगारीला जायचंय."

तिच्या चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणतो, आमच्याकडंच मुक्कामाला होते. घरातले थोरले तेच. ते पोचल्याशिवाय कार्य सुरू होणार नव्हतं.

पण चिकलठाण्याच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढणारा माणूस मी! एका बल्बसाठी गॅरेजला जाऊ? दोन नवे बल्ब आणले, मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि पुंडलिकनगरच्या भर उन्हात बॉनेट उघडून उभा राहिलो.

जुना निघाला. नवा काही बसंना! बल्बला तीन कान असतात, ते खाचेत बसावे लागतात. माझे दोन बसायचे, तिसरा बाहेर. तासभर झटापट केली, बोटं सोलली. शेवटी दाबून कोंबला. तरी हलत होता, म्हणून दगडासारखा वाळणारा गोंद भरला. आणि जोडी जुळावी म्हणून चांगला चाललेला उजवाही काढून तस्साच बसवला!

बटण दाबलं. दोन्ही लागले! मामा ओट्यावरून बघत होते. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. नुसतं "हं" म्हणाले.

या सगळ्यात निघायलाच दिवस मावळला. शहर मागं पडलं, अंधार झाला, आणि मला रस्ताच दिसंना. झाडांचे शेंडे मात्र लख्ख!

"धुकं पडलंय," मी म्हणालो.

"व्हय," मामा म्हणाले. "वडावरची वटवाघळं दिसायलीत. खड्डे तेवढे धुक्यात हायेत."

समोरून येणारी प्रत्येक गाडी डिप्पर मारू लागली. मला वाटलं, पुढं पोलीस असतील, बिचारे सावध करताहेत. किती चांगली माणसं! मी सगळ्यांना पट्टे लावायला सांगितले, वर हात हलवून आभार मानले. शेवटी एक ट्रकवाला शेजारी येऊन थांबला.

"अरे भाई, चांद पे जारे क्या तुम?"

मामा खाली उतरले. वाकून पाहिलं.

"जावई, दोन्ही उलटे बसवलेत. काढा अन् फिरवा. दोन मिन्टाचं काम हाय."

"निघणार नाहीत, मामा."

"का बरं?"

"चिकटवलेत."

मामांनी कपाळाला हात लावला. सुनीता खिडकीकडं तोंड करून बसली. अहो, ती भांडली असती तर बरं वाटलं असतं!

मग उसाच्या एका ट्रॅक्टरमागं, बैलाच्या चालीनं, कसंबसं देवगाव गाठलं. पाहुणे ताटकळलेले. मी मांडवासमोर गाडी वळवली अन् नेमकी गावाची लाईट गेली! एकच गोंधळ उडाला. पण माझा सगळा उजेड मांडवाच्या पांढऱ्या छतावर, आणि तिथून खाली सगळ्यांच्या अंगावर.

"गाडी हलवू नका! बंद करू नका!" दहा जण ओरडले.

साखरपुडा झाला. मामांसमोर पोरीला कुंकू लागलं, अंगठ्या झाल्या, फोटो निघाले. एकाही फोटोत मी नाही! बॅटरी उतरू नये म्हणून मी गाडीत बसून ॲक्सिलेटर दाबत होतो.

लाईट आल्यावर घामाघूम होऊन उतरलो. नवरदेवाकडचे एक म्हातारे पाहुणे लगबगीनं आले, माझ्या पाठीवर थाप मारली.

"लई झाक उजेड पाडलास गड्या! लग्नालाबी तूच ये. जा, मांडववाल्यांच्या पंगतीत जेवून घे."

मग ते मामांकडं वळले. "बरं, तुमचे शहरातले जावई येणार व्हते ना? कुठं हायेत?"

मी आशेनं मामांकडं पाहिलं.

मामांनी एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"नाय आले," ते म्हणाले. "त्यांच्या गाडीचे लाईट गेलेत."

आणि मी मुकाट्यानं मांडववाल्यांच्या पंगतीत जाऊन बसलो.