मुकादमाचा वात

गड्यांनो, आज उदगीर ठेसनावर निजाम सरकारनं शेतकऱ्यांकडून सक्तीनं घेतलेल्या लेव्हीच्या ज्वारीची पोती रेल्वेच्या डब्यात भरून राहिलो होतो. माझा खांदा अन् गुडघा लई ठणकत होता. ठणकणारच. मुकादम खांदा बदलू देत न्हाई, काम खोळंबतं म्हणतो. डब्याला लावलेल्या अरुंद फळीवर ओझ्यासकट वळताना सगळा पीळ गुडघ्यात जातो.

पण त्याचं एकच, "वांगी खातोस, म्हणून वात धरला."

आज पोलीस अमीनसाब, म्हंजी फौजदार, आले. त्यांच्यापुढं रुबाब दाखवायला मुकादमानं स्वतः पोतं उचललं, फळीवर वळला अन् गुडघा धरून खालीच बसला.

मला म्हणला, "जरा तेल चोळ रे."

मी त्याचंच पोतं उचलून पुढं निघालो. म्हणलं, "वांगी सोडा, मुकादम."

तुमी चोळलं असतं का?