मित्सुएचा चीक

शेजारची मित्सुए माझ्यापेक्षा चांगली आहे असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. नवरा गेल्यावर बाईनं एकटीनं गोठा सांभाळला, मान्य. पण गोठा तो कसला! मूठभर गाई, छपराला ठिगळं, पायात मेलेल्या नवऱ्याचे ढगळे बूट, आणि धार काढताना गाईंशी गप्पा. आमच्याकडे धारेचं यंत्र आहे, भलाथोरला फ्रीझर आहे, तोकाची जिल्ह्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवलेली गाय आहे. आणि विद्यापीठाची गाडी उभी कुणाच्या दारात? तिच्या!

त्या गाडीतून संशोधन करणाऱ्या मिनेगिशीसान यायच्या. दुधात म्हणे डोळ्यांना न दिसणारे बारीक फुगे असतात, गाईच्या पेशींनी सोडलेले, आणि चिकात तर रग्गड. ते वेगळे काढायचे, त्यात कॅन्सरचं औषध भरायचं आणि गाठीपर्यंत पोचतं का ते बघायचं. "अजून सगळं उंदरांवरच चाललंय हं," असं त्या दर वेळी बजावायच्या. पण कॅन्सर म्हटलं की माझे कान टवकारायचे, कारण आमच्या ह्यांना आतड्याचा कॅन्सर झाला होता. औषधांनी तोंडाची चव पार गेलेली. वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस देता यायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणून मला वाटायचं, त्या कामाला आपल्याच गाईचा चीक लागावा. त्यानं ह्यांना काही गुण येणार नव्हता, कळत होतं मला, पण वाटायचं. मिनेगिशीसान पहिल्यांदा आल्या तेव्हा मी फ्रीझरमधल्या बाटल्या ओळीनं पुढे मांडल्या. अशक्त वासरासाठी चीक गोठवून ठेवणं हे आमच्याकडे जाणत्या बाईचं लक्षण.

बाटली हातात घेऊन त्या कसनुसं हसल्या. "किनुयोसान, सायीसकट गोठवलाय ना? चिकात गाईच्या पेशी असतात, गोठल्या की फुटतात. त्यांचा चुरा फुग्यांत मिसळला की वेगळा काढता येत नाही. मला ताजाच लागेल."

मित्सुएकडे फ्रीझरच नाही! तिचा चीक नुकताच काढलेला, बादलीत वाफाळत होता. घ्या! माझी शिस्त मला नडली आणि तिची गरिबी फळाला आली. त्या दिवशी मी गोठ्याचं दार असं आपटलं की गाई बिचकल्या.

पुढे तिची गाय व्यायली की पहिला चीक वासराला, मग विद्यापीठाला, आणि उरेल तो शिजवून, घट्ट करून त्याचं चिकाचं तोफू ती शेजाऱ्यांत वाटायची. ही इथली रीतच आहे. तशीच एकदा आमच्याकडे वाडगा घेऊन आली.

"योशिनारीसानना चालतंय का बघा."

"त्यांच्या पोटात पाणी ठरत नाही," मी दारातूनच म्हटलं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण, मित्सुए का? आण की इकडे!"

वर सोया सॉस आणि किसलेलं आलं घालून ह्यांनी अख्खा वाडगा फस्त केला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"अहो, सकाळपासून मी पेज घेऊन मागे लागलेय, ती नाही उतरली घशाखाली?"

"तिच्या चिकात ते फुगे आहेत. विद्यापीठवाले काय उगाच नेतात?"

"रटारटा शिजवल्यावर कसले फुगे! आणि औषध त्या बाई भरतात, गाय नाही."

"जळतेस तू," हे म्हणाले.

जळते तर! उभा जन्म ह्यांच्यासाठी चुलीपाशी काढला, आणि भूक लागली ती शेजारणीचा वाडगा बघून. पण तिचा वाडगा आला की हे खायचे, वजन टिकायचं, डोस मिळायचा. मी तोंड दाबून वाडगे घासून परत करत राहिले.

मग एके दिवशी ती रिकाम्या हातानं आली. "आता माझ्याकडे व्यायला कुणी उरलं नाही. तुमची बक्षीसवाली व्यायलीय ना? तुम्हीच करा."

"माझ्या हातचं खातात होय ते!" मी फणकारले.

मित्सुए बुटांकडे बघत म्हणाली, "आमचे हे शेवटच्या दिवसांत तुमच्या हातचं भोपळ्याचं सूप तेवढं खायचे. माझं भांडं बाजूला सारायचे. तुमचा इतका राग यायचा मला, किनुयोसान! वाटायचं, सूप मोरीत ओतून द्यावं."

"मग दिलंत का?"

"छे हो. खात होते ना ते."

ती गेल्यावर मी चीक मंद आचेवर ठेवला. घट्ट झाला तसा फडक्यात बांधून निथळला, कापला, वर आलं किसलं आणि ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी वास घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"मित्सुएचं?"

माझी गाय, माझा चीक, माझे हात. सगळं जिभेवर आलं होतं.

"तिचंच. आत्ताच देऊन गेली."

ह्यांनी खायला सुरुवात केली. बोटं चाटत म्हणाले, "तुला नाही हो असं जमायचं."

"नाही जमायचं," मी म्हटलं आणि आणखी वाढलं.