सत्काराच्या फोटोतला पाहुणा

काही गुन्हे फाइलसोबत बंद होतात. हा मात्र कुणी शाल घेऊन समोर आलं की आजही आठवतो.

परभणीच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात एक बाई आत आल्या. नवरा-बायको दोघंही इंजिनियर. पेडगावची शेती भावावर सोपवून वसाहतीत छोटा कारखाना चालवायचे. लष्कराच्या ड्रोनचा एक भाग तिथं तयार व्हायचा.

“साहेब, तुमचा माणूस आमच्याकडं ड्रॉइंग मागायलाय.”

“माझा कोणता माणूस, ताई?”

त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटोत मीच! गणवेशावर शाल, हातात नारळ, चेहऱ्यावर नवरदेवाचं हसू. शेजारी पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ, अगदी घरचा असल्यासारखा खेटून उभा.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते आणि कारखान्याचं दार येईल त्याला उघडं असतं. ठाण्यातली शस्त्रपूजा उरकून मी एका कारखान्यात प्रमुख पाहुणा म्हणून गेलो होतो. फोटो तिथलाच. शाल यानंच घातली होती. चोराला आजोबाचंही नाव विचारणारा मी, पण शाल अंगावर पडल्यावर याचं नाव विचारायचं सुचलं नाही. तो फोटो दाखवत हा सल्लागार म्हणून कारखान्या-कारखान्यांत शिरत होता. म्हणायचा, परदेशी कंपनी नवी मशीन फुकट देईल, भागीदारी करेल. आधी फक्त ड्रॉइंग द्या.

“आमचे हे तर द्यायलाच निघालेत. म्हणतात, साहेबांच्या ओळखीचा माणूस खोटा कसा असंल? पण साहेब, ड्रॉइंग बाहेर गेलं तर आमचं काम तर जाईलच, वर देशाशी बेइमानी. माझं माहेर बोरीचं. तिथं कुणी बैलाला फुकट कडबा देत न्हाई, अन् ह्यो परदेशातून मशीन द्यायलाय!”

स्टेशन डायरीला नोंद केली, वरिष्ठांना फोटोसकट कळवलं. “छान दिसताय,” आधी एवढंच ते म्हणाले. मग तपासाला लागा म्हणाले.

मी सापळ्याच्या भारी भारी योजना आखू लागलो. बाईंनी त्या एका वाक्यात मोडीत काढल्या. “त्याला सांगते, ड्रॉइंग घ्यायला या, त्याच वेळी साहेबांचा सत्कार ठेवलाय. नव्या फोटोसाठी पळत येतो बघा.”

आला. शालही स्वतःच घेऊन आला! मला ती घालून तो कॉम्प्युटरकडे वळला आणि पेनड्राइव्ह लावला. बाईंनी ड्रोनऐवजी मोटारपंपाचं ड्रॉइंग ठेवलं होतं. ते उतरवून घेताच माझ्यासोबत आलेल्या हवालदारानं त्याचा हात धरला.

“आता नाव सांगा,” मी म्हणालो, “मागच्या वेळी विचारायचं राहिलं.”

पंचांसमक्ष मोबाइल आणि पेनड्राइव्ह जप्त केले. ठाण्यात तो मोठमोठ्या ओळखी सांगू लागला. मी आमचा फोटो टेबलावर ठेवला. “सगळ्यात पक्की ओळख तर ही. ही काय कामाची, ते दिसतंयच. दुसरी काढा.” त्यानं फोटो बाजूला सारला आणि बोलता झाला. कोणता भाग हवा, कोणत्या मालकाला गाठायचं, सगळं परदेशातून मोबाइलवर यायचं. “सांगणाऱ्याचं तोंड कदी पाहिलं न्हाई, साहेब.” मला ते खरं वाटलं. पुढचा तपास केंद्रीय यंत्रणेकडे गेला.

कुलूप फोडणारे मी आयुष्यभर पाहिले. यानं कुलपाला हातही लावला नाही. आमच्या भागात माणूस कागद बघत नाही, कोण कोणाजवळ उभा आहे ते बघतो. त्या भरवशावर चार कामं होतात, म्हणून त्या सवयीला नावं ठेवणार नाही. पण ज्याच्याकडे बघून लोक भरवसा ठेवतात, त्यानं तरी आपल्या शेजारी बघावं.

कारखान्याचं काम टिकलं. पुढच्या खंडेनवमीला मला बोलावणं आलं. दारातच बाईंनी डबा पुढे केला. “मोबाइल टाका साहेब.”

“मीसुद्धा?”

“तुमच्यामुळंच तर नियम केलाय!”

नवरा ओशाळून हसला. मी मोबाइल डब्यात टाकला. आत यंत्रावर झेंडूचा हार होता, ड्रॉइंगचं कपाट बंद होतं. मला कुंकू लावून नारळ दिला. त्या सत्काराचा फोटो कुणाकडेच नाही. तेवढा एकच सत्कार मी मनात जपून ठेवलाय.