वासराच्या वाटचं दूध

किटली अर्धीच घासून झाली होती. मागच्या दारी पाटावर बसून, कोपरापर्यंत हात आत घालून, दूधकाकू बुडाशी धरलेला चिकट थर काथ्याने खरवडत होत्या. तोंडाने देवाचं नाव चालू होतं. हाताला काम आणि तोंडाला नाव, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि जनावरांचे डॉक्टर आत आले. नेहमी ते थेट गोठ्याकडे वळायचे. आज बूट काढून ओट्याच्या कडेला टेकले.

काकूंच्या तोंडातलं नाव मध्येच थांबलं. गुरांचा डॉक्टर गोठ्याकडे न बघता माणसाकडे बघत बसला, की काहीतरी बिनसलेलं असतं, एवढं त्यांना कळत होतं.

"चहा टाकते."

"नको काकू. तुम्ही आधी हात धुऊन या. साबणानं धुवा."

गल्लीत त्यांना कुणी नावाने ओळखत नव्हतं. लहानथोर सगळे दूधकाकूच म्हणायचे. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा मात्र गाय नुसती हंबरली तरी दारामागे लपायच्या. सासऱ्यांनी बळेबळे गाईपाशी बसवलं, तर पहिली धार बादली सोडून सासऱ्यांच्या मिशीवर गेली. त्या मिशीवरून घर कित्येक दिवस हसत होतं. पण पुढे गोठा असा काही अंगवळणी पडला, की नवरा म्हणायचा, "मी आजारी पडलो तर आधी गोठ्यात नेऊन बांधा, म्हणजे ही बघायला येईल." तो बिचारा आजारी पडला तो उठलाच नाही. मुलगा ट्रकवर ड्रायव्हर लागला, आठवडेच्या आठवडे बाहेर. घरात उरल्या त्या काकू, सून आणि तीन गाई.

सासूने त्यांना एक गोष्ट शिकवली होती, ती त्यांनी कधी मोडली नाही. गाईला सडं चार. तीन आपली, चौथं वासराचं. ते पिळायचं नाही, आणि त्याचं दूध विकायचं तर मुळीच नाही. पाहुणे आले म्हणून एखादं गिऱ्हाईक अडून बसलं, तर काकू वासराकडे बोट दाखवायच्या. "ते माझं नाही बाई. त्याला विचारा, देतो म्हणाला तर घेऊन जा."

चांदणी गोठ्यात आली ती गेल्या वर्षी. कपाळावर चांदीच्या टिकलीसारखा ठिपका, म्हणून चांदणी. बाजारातून घेताना काकूंनी तिचे दात पाहिले, खूर पाहिले, कास दाबून पाहिली, चालवून पाहिली. विकणारा वैतागून म्हणाला, "मावशी, सुनेलासुद्धा एवढं पाहिलं नसेल तुम्ही!" काकू म्हणाल्या, "सून बोलून दाखवते. हिचं मलाच ओळखायला हवं." रक्त तपासून घ्यावं, हे कुणी सांगितलं नाही आणि त्यांनाही सुचलं नाही.

चांदणी गाभण होती, आणि सातव्या महिन्यात तिने वासरू टाकलं. मेलेलंच पडलं. वार अडकून राहिली, ती काकूंनी उघड्या हातांनी सोडवली, देवाचं नाव घेत. पाय घसरला असेल, उन्हाचा त्रास झाला असेल, कुणाची नजर लागली असेल, असं म्हणत त्यांनी ते सगळं गोठ्यामागे पुरलं, हात धुतले आणि चुलीपुढे बसून थोडं रडून घेतलं.

गाईला मात्र दूध उतरलं, आणि चौथं सड प्यायला वासरू नव्हतं.

काकूंनी ते सड सोडलं नाही, दूध तुंबून कासेला तडस लागली असती. पण विकलंही नाही. त्याच दिवसांत सुनेला दिवस गेल्याचं कळलं होतं. काकूंना वाटलं, देवाने एका हाताने नेलं आणि दुसऱ्या हाताने दिलं. जे वासरू गेलं त्याच्या वाटचं दूध येणाऱ्या बाळाला, याहून चांगला हिशेब कुठला? रोज सकाळी त्या चौथ्या सडाची धार वेगळ्या पेल्यात घ्यायच्या आणि फेसासकट, कोमट, तशीच सुनेपुढे धरायच्या.

"आई, उकळून देता का?" सुनेने एकदाच विचारलं.

"उकळलं की त्यात काय राहतं? पाणीच की. डोळे मीट आणि पी."

सून डोळे मिटून प्यायची.

पलीकडच्या घरात शिंपी राहायचे. त्यांची लेकही पोटुशी होती, सुनेच्या पुढे दोन-अडीच महिने. पायांवर सूज, अंगात रक्त नाही, खाल्लेलं टिकत नाही. शिंपीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काकू, सुनेचे लाड चाललेत. आमच्या पोरीकडेही बघा जरा. नाहीतर तुमच्या चांदणीला थंडीचा अंगरखा शिवून देते म्हणाले होते, तो रद्द."

"अंगरख्याची लाच कशाला? पाठवा पोरीला. पेला घेऊन ये म्हणावं."

तेव्हापासून पेले दोन झाले.

चौथ्या महिन्यात सुनेला रोज संध्याकाळी ताप चढू लागला. अंग दुखायचं, घामाने अंथरूण भिजायचं, सकाळी पुन्हा बरं वाटायचं. आणि एका दुपारी तिचं बाळ गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काकूंना बाजूला घेऊन विचारलं, "घरात गुरं आहेत?" काकूंनी अश्रू पुसत सांगितलं, "तीन आहेत. देवाच्या दयेने दूध कधी कमी पडलं नाही." बाईंनी सुनेचं रक्त तपासायला पाठवलं आणि जनावरांच्या डॉक्टरांनाही कळवलं. त्यांनी येऊन गाईंचं रक्त आणि दूध नेलं. काकूंनी ते मनावर घेतलं नाही. दवाखाने म्हटले की तपासण्या आल्याच.

घरातलं बाळ गेलं, तेव्हापासून काकू सुनेचा पेलाही शिंप्यांच्या लेकीच्या पेल्यात ओतू लागल्या. निदान तिचं तरी सुखरूप होऊ दे, म्हणून.

काकू हात धुऊन आल्या. ओट्यावर टेकलेले जनावरांचे डॉक्टर बोलू लागले, सावकाश, खाली बघत.

"चांदणीला आजार आहे, काकू. गाभ टाकायला लावणारा. तिच्याकडून लाल गाईलाही गेलाय. तिसरी, म्हातारी गाय स्वच्छ आहे."

"पण ती खाते-पिते की. रवंथ करते. डोळे बघा तिचे, कसे लख्ख आहेत!"

"गाय अशीच दिसते. डोळ्यांनी नाही ओळखता येत. वार उघड्या हातांनीच काढली असेल ना? तुम्हालाही ताप येतो का?"

"संध्याकाळी अंग मोडून येतं. वय झालं."

"वय नाही. हा आजार माणसालाही होतो. उद्या रक्त तपासून घ्या."

काकूंना आठवलं आणि त्या एकदम उभ्या राहिल्या. "अहो, पण मी गल्लीभर दूध घालते!"

"ते लोक उकळतात. उकळलं की याचे जंतू मरतात, त्यांना सहसा काही होत नाही. तरी आजपासून या दोघींचं दूध बंद. कच्चं कुणी प्यायलंय का, ते सांगा."

विकलेलं सगळं उकळलं गेलं होतं. कच्चं प्यायलं गेलं ते फक्त त्यांनी आपल्या हाताने दिलेलं.

"सून प्यायली," त्या म्हणाल्या. दुसरं नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"त्यांच्या रक्तातही हेच निघालंय. औषधाचं दवाखान्यातून सांगतील. बऱ्या होतील त्या. अजून कुणी असेल तर लवकर कळायला हवं. पोटात बाळ असेल, तर तातडीनं. वेळेत औषध मिळालं तर बरंच काही वाचतं." डॉक्टर बूट घालू लागले. "दोन्ही गाई न्यायला गाडी येईल."

"नेऊन काय करतात?"

डॉक्टरांनी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. त्या दोघी परत येणार नाहीत, हे काकूंना त्यावरून कळलं.

ते गेल्यावर काकू किटलीपाशी जाऊन बसल्या. काथ्या उचलला, ठेवला. सांगायला एक सोपी गोष्ट होती. गाय आटली, आता पेला मिळणार नाही, एवढंच म्हणायचं. शिंपीणबाई हळहळतील, अंगरख्यावरून एखादी कोटी करतील. कुणाला काही कळायचं नाही. सुनेचं बाळ कशाने गेलं, तेही कळायचं नाही. त्या देवाचं नाव घ्यायला गेल्या, तर नावच येईना. ते नाव घेऊनच तर त्यांनी रोज पेला भरला होता.

"आई."

मधल्या खोलीची खिडकी उघडी होती. सून खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

काकू आत गेल्या. उंबऱ्यावरच थांबल्या. "माझ्या हाताने गं," एवढंच म्हणाल्या.

सून त्यांच्याकडे न बघता पांघरुणाची शिवण बोटाने चाचपत होती. "मला तो वास सहन नव्हता व्हायचा," ती म्हणाली. "पण तुम्ही एवढ्या आनंदानं आणायचात. तुमचं मन मोडायला नको, म्हणून प्यायचे."

काकूंना वाटलं, तिने ओरडावं, चार शिव्या द्याव्यात, पेला भिंतीवर फेकावा. तसं काही झालं नाही. गोठ्यात चांदणी हंबरली, पाण्यासाठी.

"शिंप्यांच्या लेकीनं आज सकाळी घेतलं?" सुनेने विचारलं.

"घेतलं."

"डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ती संध्याकाळी पुन्हा पेला घेऊन येईल. मी उठू शकत नाही, नाहीतर मीच गेले असते." सून भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. "जा आई. आणि गाय आटली-बिटली असं काही सांगू नका. माझं काय झालं ते सांगा, नाहीतर ती तपासायला जायची नाही."

काकूंनी तिच्या पायावर सरकलेलं पांघरूण नीट केलं. तिने पाय आत ओढून घेतला. त्या मागच्या दारी आल्या. चांदणीपुढे पाण्याची बादली ठेवली. किटली तशीच पाटाशेजारी पडली होती, अर्धी लख्ख, अर्धी चिकट. पदराने हात पुसून त्यांनी चपला घातल्या आणि फाटकाची कडी काढली. शिंप्यांकडे जाऊन त्यांच्या लेकीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात रक्त तपासायला न्यायचं होतं.