मधल्या सुट्टीतली आई

चादरींच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. इतकी वर्षं तिथे काढल्यावर तिचा आवाज असा चढला होता, की घरात ती नुसती "मीठ दे" म्हणाली तरी शेजारीण दारात यायची, भांडण लागलं का ते बघायला. गल्लीने तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे.

त्या वर्षी लेकीच्या शाळेतल्या दोन बाई एकदमच बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मधल्या सुट्टीत लक्ष ठेवायला कुणी पालक येतील का, असं मोठ्या बाईंनी सभेत विचारलं. सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले.

"मी येईन," ती म्हणाली. कारखान्यातली तिची पाळी दुपारनंतर सुरू व्हायची. मागच्या रांगेतलं एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं.

घरी लेकीने ताटाला हात लावला नाही.

"आई, यायचं तर ये. पण मला हाक मारू नकोस. मी तुझी आहे हे कुणाला सांगू नकोस."

बाप हसणार होता, पण बायकोचा चेहरा बघून तो शर्टाचं बटण चाचपत बसला.

"बरं," ती म्हणाली. इतकं हळू ती त्या घरात कधी बोलली नव्हती.

तिने शब्द पाळला. रोज जायची, छोट्यांचे हात धुवून घ्यायची, घट्ट बसलेली झाकणं उघडून द्यायची, जिन्यावर पळणाऱ्यांना नुसत्या नजरेने थांबवायची. लेक समोरून गेली की फळ्याकडे बघायची. नळापाशी तिच्या जोडीला एका मुलाचे आजोबा असत. त्यांनी विचारलं, "तुमचं मूल कुठलं हो?"

"आहे इथेच कुठेतरी," ती म्हणाली आणि सांडलेलं पाणी पुसू लागली. रात्री मात्र नवऱ्याकडे पाठ करून थोडी रडली.

थंडी सुरू होता होता एक दिवस लेक जिन्याखाली एकटीच बसलेली दिसली. डबा मांडीवर, झाकण बंद. तिच्या मैत्रिणी पलीकडे घोळक्याने बसून खात होत्या आणि मुद्दाम जरा जास्तच हसत होत्या. आई सरळ लेकीकडे गेली नाही. डबे न उघडणाऱ्या दोन-तीन छोट्यांना घेऊन जिन्याजवळ जाऊन बसली, लेकीकडे पाठ करून.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "आई."

तिने मान वळवली नाही. "बोल."

"त्या मला खेळायला घेत नाहीत."

त्या पोरींना फैलावर घ्यावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "आधी दोन घास खा. मग मला हात दे जरा. ही मंडळी उपाशी आहेत आणि माझे हात दोनच."

लेक पुढे सरकून बसली. एका छोटीने तिच्या पुढ्यात डबा ठेवला, मग दुसरीने. आजोबा पाणी घेऊन आले.

"पोरगी कामाची आहे. कुणाची हो?"

आई एका छोटीचा डबा पुसू लागली. झाकणाशी झटत लेकच म्हणाली, "यांची."

मैत्रिणींचा रुसवा आठवडाभरात ओसरला. लेक पुन्हा घोळक्यात खेळू लागली, पण आईजवळून जाताना आता तिच्या ओढणीला हात पुसायची.

रजेवरच्या बाई परत आल्या. हिला कुणी पुरे म्हणालं नाही, हिनेही विचारलं नाही. पुढे लेक मोठ्या शाळेत गेली. पहिल्याच आठवड्यात ती जेवताना म्हणाली, "आमच्याकडे पालक लागतात का, विचारू?"

"नको गं. तुझं तू बघ," आई म्हणाली. "मला इथे काम आहे."

आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी ती जुन्या शाळेच्या नळापाशी जाऊन उभी राहिली.